हाताने फिरवायची लेन्स



या भाषणासाठी मला ‘कवितेवर बोला’ असं सुचवण्यात आलं होतं. मी म्हटलं, कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे कवितेपेक्षा चांगलं बोलतात. मला एका लेन्सविषयी बोलू द्या. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग ‘चालेल, पण कंपनीचं नाव घेऊ नका’ एवढीच अट पडली. ती मी पाळणार आहे.

आमचं घर मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या अंगाला. मिरजेची सतार आणि तंबोरा आपल्याला ठाऊकच आहेत. एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्यांनी, हत्यारं बाजूला ठेवून तंतुवाद्यं घडवायला घेतली, तेव्हापासून हे काम आमच्या गावात चाललं आहे. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझे अब्बा हेच काम करायचे. मी मात्र बी. ए. झालो आणि एका सहकारी बँकेत चिकटलो. अब्बांना त्याचा आनंद झाला की वाईट वाटलं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. १९९८ साली ते गेले. त्यांचा एकच फोटो घरात आहे, ओळखपत्रासाठी काढलेला. मान ताठ, डोळे ताणलेले, आणि छातीखाली चौकट संपलेली. ज्या हातांनी चाळीस वर्षं भोपळे कापले, खुंट्या बसवल्या, ते हात कुठेच नाहीत. आमच्याकडे फोटो काढून घ्यायची हौस नव्हती. काहींना ते धर्मात बसत नाही असं वाटे, काहींना तो पैशांचा चुराडा वाटे. कारण काही असो, हात राहिले नाहीत ते नाहीतच.

आता घरात हे काम जाणणारे एकच उरले आहेत, माझे चाचा. वय ८१. भोपळा उचलणं, दांडी जोडणं त्यांनी कधीच सोडलं. ते फक्त जवारी काढतात. तंबोऱ्याच्या चार तारा ज्या घोडीवरून जातात, तिची पाठ सपाट दिसली तरी सपाट नसते. तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर किती लांबवर टेकते, यावर तिचा आवाज ठरतो. कानशीचा एक हात जास्त पडला तर आवाज फाटतो, कमी पडला तर बसलेला येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की तंबोरा एकदम उघडतो. ती जागा शोधायला मोजपट्टी नाही. चाचा हे काम रात्री करतात, कारण दिवसा गल्लीत रिक्षा असतात. दहानंतर खाली बसायचं, डोक्यावर एक दिवा, आणि कान तुंब्याजवळ.

मला ते काम फोटोत हवं होतं. का, हे आता वेगळं सांगायला नको.

आधी मोबाइलने प्रयत्न केला. मोबाइल अंधारात फोटो काढतो खरा, पण स्वतःच्या मनाने. चाचांच्या हातावरच्या रेघा त्याने इस्त्री केल्यासारख्या सपाट करून टाकल्या. मग मुलाने बाजूला टाकलेला एक मिररलेस कॅमेरा कपाटातून काढला. त्याच्यासोबत आलेली झूम लेन्स लावली, तर फोटोत सगळीकडे खसखस पेरल्यासारखे ठिपके. शेवटी फ्लॅश मारला. चाचांचा मोतीबिंदू काढलेला. ते दचकले, कानस सटकली आणि घोडीवर नको तिथे ओरखडा उठला. त्यांनी वर न बघता एवढंच म्हटलं, “बत्ती नक्को मार रे. काम करू दे.” त्या रात्री मी वर जाऊन कॅमेऱ्याची पिशवी बंद केली.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, लेन्सच्या तोंडाचा होता. लेन्सवर एफ आणि पुढे एक आकडा लिहिलेला असतो. हा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. लेन्सचं नाभीय अंतर भागिले तिच्या छिद्राचा व्यास. माझी झूम लेन्स ५० मिलिमीटरला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नव्हती, म्हणजे तिचं छिद्र जेमतेम ९ मिलिमीटरचं. तेच ५० मिलिमीटरच्या एफ १.२ लेन्सचं छिद्र जवळजवळ ४२ मिलिमीटरचं असतं. उजेड क्षेत्रफळाच्या हिशेबात येतो, त्यामुळे फरक चारपाच पटींचा न राहता वीसपटींच्याही वर जातो. शेंगदाण्याएवढ्या भोकातून आणि चहाच्या पेल्याच्या तोंडातून एकाच वेळी पाणी ओतून पाहा, म्हणजे अंदाज येईल. माणसाच्या डोळ्याची बाहुलीही वयाबरोबर अंधारात पूर्वीएवढी फाकत नाही. पन्नाशीनंतर हे मला नेत्रतज्ज्ञाने सांगितलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण डोळ्याला नवं भिंग बसवून जे मिळत नाही, ते कॅमेऱ्याला मिळू शकतं, हे कळल्यावर मी पुन्हा पिशवी उघडली.

मोठ्या नावाच्या कंपन्यांच्या, आपोआप फोकस करणाऱ्या बऱ्याच एफ १.२ लेन्सची किंमत दीड-दोन लाखांच्या घरात जाते. बँकेतल्या कारकुनाने तिकडे बघायचं नसतं. पण गेल्या काही वर्षांत चीनमधल्या शेन्झेन शहरातल्या काही कंपन्या याच एफ १.२ च्या, अगदी एफ ०.९५ च्या लेन्स करू लागल्या आहेत, आणि त्यातली एक मला साधारण अकरा हजारांत मिळाली. एवढी स्वस्त का? कारण तिच्यात काहीच नाही! फोकस करणारी मोटर नाही, थरथर सांभाळणारी यंत्रणा नाही, कॅमेऱ्याशी बोलणारी एकही तार नाही. धातूचं नळकांडं, आत काही भिंगं, आणि हाताने फिरवायची दोन कडी. एक फोकसचं, दुसरं छिद्राचं. शिवाय ती लहान सेन्सरपुरतीच केलेली आहे, पूर्ण आकाराच्या सेन्सरला तिचं वर्तुळ पुरत नाही. भिंगांची जी मांडणी असल्या बऱ्याच लेन्समध्ये असते, तिचं मूळ १८९६ साली जर्मनीत झाइसच्या पॉल रुडॉल्फने केलेल्या प्लॅनर लेन्सपर्यंत जातं. म्हणजे विद्याही जुनीच, तिच्यावर आज कुणाचा हक्क नाही.

लेन्स आली, मी ती लावली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर सूचना, लेन्स बसवलेली नाही! लेन्स डोळ्यांसमोर, तिचं वजन हाताला जाणवतंय आणि कॅमेरा म्हणतोय, नाही. मी दुकानदाराला फोन केला. त्याने ‘पीस खराब असेल, परत पाठवा’ म्हणून हात झटकले. परत पाठवायला खोक्यात घातलीही होती. रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला, त्याने दोन मिनिटांत सोडवलं. विजेची जोडणी नसल्यामुळे कॅमेऱ्याला अशी लेन्स दिसतच नाही. त्याच्या यादीत ‘लेन्स नसतानाही शटर चालू ठेवा’ अशी एक सोय असते, ती सुरू करायची. आपल्यापैकी कुणी असली लेन्स घेणार असेल तर एवढं लक्षात ठेवा, माझे आठ दिवस गेले.

ही लेन्स जुन्या, आरसेवाल्या एसएलआर कॅमेऱ्यावर एवढी उपयोगी पडली नसती. त्या कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा लागते, म्हणून लेन्स सेन्सरपासून ४४ ते ४६ मिलिमीटर दूर बसवावी लागते. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर १८-२० मिलिमीटरवर आलं. २००८ मध्ये असा पहिला कॅमेरा बाजारात आला, तेव्हापासून जगातल्या अडगळीच्या खोल्यांमधल्या जुन्या लेन्स अॅडॉप्टर लावून पुन्हा कामाला लागल्या आहेत. रशियन, जर्मन, जपानी, कुठल्याही. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एसएलआरच्या खिडकीत एवढी मोठी लेन्स खरोखर किती धूसर आहे ते दिसतच नाही, तिची काच त्यासाठी केलेलीच नसते. मिररलेसच्या खिडकीत सेन्सरला दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि हवा तो भाग पाच-दहा पट मोठा करून पाहता येतो. चाळिशीचा चष्मा असलेल्याला हे वरदान आहे.

आता फोकस. पहिल्या रात्री मी दीडशे फोटो काढले. त्यातल्या एकशे चाळीसमध्ये चाचांचा कान, दाढी, मागची भिंत, सगळं आलं होतं, हवं तेवढं सोडून. कारण मी हिशेब केला नव्हता. ५० मिलिमीटरची लेन्स, एफ १.२, अंतर एक मीटर. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो. नाकाचं टोक स्पष्ट असेल तर डोळा नाही, डोळा असेल तर कान नाही. मी कडं अगदी बरोबर फिरवत होतो, पण बटण दाबेपर्यंत श्वासाबरोबर पुढेमागे हलत होतो. तेवढ्यात ते दोन सेंटिमीटर निसटून जायचे.

कॅमेऱ्यात एक सोय असते. स्पष्ट असलेल्या कडा लाल किंवा पिवळ्या रंगाने चमकतात. सुरुवातीला मी तिच्यावर विसंबलो. पण लेन्स पूर्ण उघडी असताना ही चमक थोडी उदार असते. जे जवळपास स्पष्ट आहे, त्यालाही ती पास करून टाकते. खरी परीक्षा चित्र मोठं करून पाहण्यातच. शेवटी मला जमलेली पद्धत अशी. भिंतीला पाठ टेकवून मांडी घालून बसायचं, कोपर गुडघ्यावर. कडं एकदा लावलं की त्याला हात लावायचा नाही. मग कंबरेतून बोटभर पुढे झुकायचं आणि ज्या क्षणी धागा स्पष्ट होईल तेव्हा बटण दाबायचं. कडं फिरवण्यापेक्षा अंग झुकवणं जास्त अचूक ठरतं. पुस्तकात हे कुठे लिहिलंय का मला माहीत नाही, मला माझ्या पाठीने शिकवलं.

स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ हा चित्रपट १९७५ साली आणला. त्यातले काही प्रसंग नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेले आहेत. त्यासाठी त्याने झाइसची एफ ०.७ ची लेन्स वापरली, जी मुळात अमेरिकेच्या ‘नासा’साठी केली होती. अशा दहाच लेन्स घडल्या, त्यातल्या तीन त्याने घेतल्या. त्या प्रसंगांत नटमंडळी फारशी हलत नाहीत, चित्रातल्यासारखी बसून असतात. हललं की फोकस गेला, मग करणार काय! चाचांना मी ‘हलू नका’ असं सांगू शकत नव्हतो. ज्याचा हात चाललाय, त्याला हलू नको सांगणं म्हणजे काम बंद कर सांगणं.

त्यातच एक अडचण दिव्याची. पूर्वी तिथे चाळीस वॅटचा पिवळा बल्ब होता. तो गेला आणि भाचीने स्वस्तातला एलईडी लावला. फोटोंवर आडवे काळे पट्टे दिसू लागले. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे मारते, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. शटर शंभरांश सेकंदावर बांधून टाकलं आणि आवाज नको म्हणून वापरत होतो ते मुकं इलेक्ट्रॉनिक शटर सोडलं, तेव्हा पट्टे गेले. मग टिक् असा आवाज होऊ लागला. चाचा म्हणाले, “ये क्या टिकटिक? मेरा सूर जाता.” तेव्हापासून मी तार छेडून आवाज विरेपर्यंत थांबतो आणि मग बटण दाबतो. त्यांची कानस, त्यांची तार, मग माझी टिक्. कित्येक रात्री आमचं असं चाललं.

या लेन्सचे दोष सांगितले नाहीत तर ते बरोबर होणार नाही. पूर्ण उघडी असताना चित्रावर हलका धूर असतो, कोपरे मऊ पडतात. चकाकणाऱ्या पोलादी तारेच्या कडेला जांभळी किनार येते. तंबोऱ्याच्या फोटोत हा फार मोठा वैताग आहे. एफ २.८ पर्यंत छिद्र आवळलं की बरंचसं साफ होतं, पण मग उजेड कुठला? दुपारच्या उन्हात उलटी गंमत होते. माझ्या कॅमेऱ्याचं शटर एका सेकंदाच्या चार हजाराव्या भागापेक्षा वेगात उघडझाप करत नाही, आणि त्या उन्हात एफ १.२ ला ते पुरत नाही, सगळं पांढरं होतं. गडद काळी फिल्टरची काच लावा, नाहीतर छिद्र आवळा. कॅमेऱ्याला छिद्राचा आकडा कळत नसल्यामुळे फोटोसोबत तो नोंदलाही जात नाही. कुठला फोटो एफ १.२ चा आणि कुठला दोनचा, हे मी वहीत लिहून ठेवतो. बँकेची सवय, दुसरं काय.

आणि ते मागचे धूसर गोळे! मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाण्याची मैफल होते. अब्दुल करीम खाँसाहेबांचं, जे १९३७ साली गेले, त्यांचं स्मरण म्हणून दूरदूरचे कलावंत हजेरी लावतात. मी लेन्स घेऊन गेलो. रोषणाईचे दिवे मागे असे फुलून आले की पाहणारे ‘वा वा’ करू लागले. कडेचे गोळे लिंबासारखे चपटे आणि मधले गोल. दोन दिवस मीही हरखलो. मग लक्षात आलं, गायकाचा चेहरा कुणी बघतच नाहीये, सगळे गोळे बघताहेत. असले फोटो आता मी काढत नाही.

चाचांच्या फोटोंकडे येतो. सहा महिन्यांनी मला त्यांचा डोळा नेमका पकडता येऊ लागला. माणसाचा फोटो असेल तर जवळचा डोळा स्पष्ट हवा, हे सगळे सांगतात. एक फोटो मला फार आवडला होता. डोळ्यातली शीर न् शीर दिसत होती, हात आणि घोडी मागे विरघळून गेलेले. मी तो छापून घेऊन त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, “ये कौन सोता है?” मी म्हटलं, चाचा, तुम्हीच. म्हणाले, “काम करणारा असा दिसतो होय? डोळ्याने कुणी जवारी काढतं का?”

खरंच होतं. जवारी काढताना त्यांचे डोळे अर्धे मिटलेले असतात. ते कुठेच बघत नसतात. मी ज्या दोन सेंटिमीटरांसाठी सहा महिने झगडत होतो, ते मी चुकीच्या जागी ठेवले होते. त्यानंतर मी चेहऱ्याचा नाद सोडला. घोडीवर उतरलेलं बोट, बोटाखालचा धागा, कानशीचं टोक, एवढंच स्पष्ट ठेवायचं ठरवलं. चेहरा मागे धूसर राहिला तर राहू दे. हे आणखी अवघड निघालं. धागा तो केवढा, आणि तो सरकतो केसाएवढा. त्या काळात काढलेल्या हजारभर फोटोंतले सात ठेवले आहेत. अब्बांचे हात मला मिळाले नाहीत, पण चाचांचा अंगठा बराचसा अब्बांसारखाच वाकतो, हे त्या सात फोटोंमुळे मला पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं एका घरात राहून दिसलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात चाचांचा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण कानस धरणं बंद झालं. आता ते खाली बसतात, समोर तंबोरा असतो, आणि माझा पुतण्या घोडी घासतो. तो इंजिनीअरिंग शिकतो, सुट्टीत येतो. चाचा फक्त ऐकतात आणि ‘बस’ किंवा ‘और’ म्हणतात.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी ते सात फोटो मोठे छापून त्यांच्यापुढे ठेवले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. पाचवा फोटो त्यांनी उचलला, दिव्याखाली धरला, भिंग मागवलं. बराच वेळ घोडीवर नजर. पुतण्या म्हणाला, “बडे अब्बा, फोटो कसा आलाय?” त्याला उत्तर नाही. माझ्याकडे वळून विचारलं, हा तंबोरा कुणाचा. मी वही काढली, तारीख पाहिली आणि सांगितलं, कोल्हापूरच्या एका गवयाचा, नेऊन वर्ष होत आलं.

“तिसऱ्या तारेखाली अजून एक हात पडायला पाहिजे होता,” चाचा म्हणाले. “त्याला फोन लाव. म्हणावं, घेऊन ये.”